आवाज कुठून येतो

2012 साली गोव्यातील खाणी थांबल्या तेव्हा डिचोलीतील खनिज वाहणारे कित्येक ट्रक दारातच उभे राहिले. असा ट्रक घरच्या घरी दुरुस्त केल्यावर इंजिन खडखडू लागले, की पहिला संशय टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या, फटीवर जातो. परंतु आवाज कुठून येतो हे कळण्याआधीच इंजिन खोलले, तर एका बिघाडाचे दोन होतात. घरातल्या कलहातही, आवाज कुठून येतो हे न ऐकताच माणसे एकमेकांना दोष देतात. जाणता मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनच्या एकेका भागावर टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि धीराने ऐकतो. नुकताच हात लागलेली जागा तो आधी तपासतो. सायलेन्सरच्या पत्र्याचा सैल बोल्ट पुष्कळदा तिथेच सापडतो.