क्रीडागृह कोणासाठी?

गोमंतकातला पाऊस कवींना कितीही प्रिय असो, खेळणाऱ्या मुलांवर त्याची फारशी मेहेरनजर नाही. भातकापणी आटोपली की गावोगावची शेते फुटबॉलची मैदाने होतात आणि मृग बरसला की त्याच मैदानांची पुन्हा शेते होतात. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस जेथे बहुतांशी चार महिन्यांतच कोसळतो, तेथे छपराखालच्या क्रीडागृहाला चैन म्हणणे अन्यायाचे होईल. ताळगाव, नावेली, पेडे येथे अशी गृहे उभी आहेत. २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांनी आणि २०२३ च्या सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांनी गोव्यातल्या या बांधकामाला चालना दिली. आता प्रश्न बांधण्याचा उरलेला नाही. ती कोणासाठी आणि कशासाठी, हा आहे.

क्रीडागृहाचा समाजाला लाभ काय, असे विचारले असता दोन उत्तरे हटकून मिळतात. पहिले असे की, त्यातून पदके मिळवणारे खेळाडू निपजतात. दुसरे असे की, तरुण पिढी व्यसनांपासून दूर राहते. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण दोन्ही अपुरी आहेत. पदक शेकड्यात एखाद्यालाच मिळते. मग उरलेल्या नव्याण्णवांनी दार कोणत्या आधारावर ठोठवावे? दुसरे उत्तर तर आम्हांला अधिकच खटकते. तरुण म्हणजे उद्याचा आरोपी, आणि खेळ म्हणजे त्याचा आगाऊ बंदोबस्त, असा त्याचा गर्भितार्थ निघतो. अशा भावनेने बांधलेले घर क्रीडागृहापेक्षा सौम्य कारागृहालाच अधिक जवळचे म्हणावे लागेल. शिवाय खेळ हे औषध मानले की रोग दिसेपर्यंत ते देण्याची घाई कोणालाच उरत नाही.

आमच्या मते क्रीडागृहाचा खरा सामाजिक लाभ निराळाच आहे. तेथे तरुणाला नियमाखाली राहण्याचा अनुभव मिळतो, आणि तोही आनंदाने. भाटकाराचा मुलगा व मुंडकाराचा मुलगा एकाच रेषेमागे उभे राहतात; गुण मोजणाऱ्याला आडनाव विचारावे लागत नाही. कायद्यापुढील समानता राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाने दिली खरी. पण तिची सवय कोणताही अनुच्छेद लावू शकत नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरल्यावर प्रतिपक्षाचा हात हाती घेणे, फूल रेषेच्या आत पडले हे स्वतःच्या तोट्यात असूनही कबूल करणे, हे शिक्षण खेळातच मिळते. न्यायालयात उभे राहणाऱ्या आम्हां मंडळींना त्याचे मोल विशेष जाणवते. कारण विरुद्ध गेलेला निकाल शांतपणे स्वीकारणारा पक्षकार आमच्या दृष्टीस क्वचितच पडतो.

हे शिक्षण मिळण्यास संगमरवरी पायऱ्या लागत नाहीत. बडोद्याचे जुम्मादादा व्यायाम मंदिर आजही एका मुसलमान उस्तादाचे नाव धारण करून आहे. आणि ते नाव उजळ ठेवले ते प्रोफेसर माणिकराव या त्यांच्या हिंदू शिष्याने. विद्या दिली त्याचे नाव दारावर असावे, एवढा साधा विवेक त्या आखाड्यात होता. मात्र जुने ते सारे सोने मानण्याचे कारण नाही. आपल्या बहुतेक तालमींचे दार मुलींना बंदच होते. आजच्या क्रीडागृहात दिवे आहेत, कपडे बदलण्यास आडोसा आहे, येण्याजाण्याची निश्चित वेळ आहे. म्हणून ज्या मुलीला उघड्या मैदानावर घरचे लोक धाडत नाहीत तिलाही येथे येणे शक्य होते. हा लाभ केवळ तिचा नाही. तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुलांची दृष्टीही त्याने निवळते.

आता व्यवहाराकडे वळू. बॅडमिंटनच्या एका कोर्टावर एका वेळी चौघे खेळतात. अर्ध्या तासाचा डाव धरला तर सायंकाळी पाच ते नऊ या वेळात बत्तीस जणांची सोय होते. तेहतिसाव्याला परत जावे लागते. त्याच फरशीवर १३ मीटर लांब व १० मीटर रुंद कबड्डीची गादी अंथरली तर एकाच वेळी चौदा जण खेळतात. तेव्हा जमिनीवर रेषा कोणत्या खेळाच्या आखाव्यात, हा प्रश्नसुद्धा नीतीचा आहे. तेहतिसावा कोण असावा, हे वशिल्याने वा वर्गणीच्या आकड्याने ठरू लागले की क्रीडागृहात सर्वांत प्रथम हरतो तो खेळ.

कोणी म्हणेल, अशा इमारतीच्या देखभालीस पैसा लागतो. समारंभांना व प्रदर्शनांना जागा भाड्याने दिल्यावाचून दिवे जळणार कसे? आक्षेप रास्त आहे. ताळगावच्याच क्रीडागृहात २०२२ साली राज्याच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. एवढे मोठे छप्पर असताना असे प्रसंग यायचेच. पण विश्वस्ताच्या अधिकारालाही मर्यादा असते. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा खासगी शुश्रूषागृहास देण्यात आली, तेव्हा रहिवाशांनी दाद मागितली आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले. सार्वजनिक हेतूसाठी राखलेली जागा सत्ताधाऱ्याच्या मर्जीने त्या हेतूपासून हलवता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार होय. क्रीडागृह भाड्याने द्यावे. परंतु मुलांचे नेमलेले तास अबाधित ठेवूनच. त्या तासांचे वेळापत्रक दारावर सर्वांना वाचता येईल असे लावावे आणि ज्याला शुल्क परवडत नाही त्याला हात पसरावे न लागता प्रवेश मिळावा.

बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने खेळ हा मुलाचा हक्क मानला आणि १९९२ मध्ये भारताने तो करार स्वीकारला. हक्क आणि उपकार यांतील भेद अगदी साधा आहे. उपकार करणारा त्याची वेळ स्वतः ठरवतो. हक्क मात्र धन्याच्या सवडीची वाट पाहत नाही. म्हणून क्रीडागृहाची परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी अगर पदकांच्या यादीवरून करू नये. आषाढातल्या एखाद्या सामान्य संध्याकाळी, कोणीही पाहुणा येणार नसताना, ज्याची कोणाशी ओळख नाही अशा मुलाला वा मुलीला तेथे खेळायला मिळते काय, एवढेच पाहावे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल तर समाजाला त्या इमारतीचा लाभ झाला असे खुशाल समजावे. नकारार्थी असेल तर आपण केवळ एक छप्पर उभारले आहे.