रांग कुठे लागावी

बेळ्ळंदूरच्या माणसाने विधानसभेला, लोकसभेला कुठल्या केंद्रावर मत द्यायचे, हे महापालिका ठरवत नाही. जिल्हा निवडणूक अधिकारी आयोगाच्या मंजुरीने ठरवतो. २ किलोमीटरांहून लांब जावे लागू नये, हा दंडक. २०२५ मध्ये एका केंद्राची कमाल मतदारसंख्या १५०० वरून १२०० वर आली, आणि बहुमजली सोसायट्यांच्या आवारातही केंद्रे काढायचे ठरले.

बाराव्या मजल्यावरच्या आजींना लिफ्टने उतरून मत देता आले, तर नको कोण म्हणेल? पण ८५ पार केलेल्यांना घरूनच मत देता येते. मग उरते ती बहुतेक धडधाकट माणसांची सोय, आणि त्यांनी दोन गल्ल्या चालाव्यात, असे मला वाटते.

शाळेतल्या रांगेत स्वयंपाकाच्या मावशी पुढे आणि साहेब मागे, असे होऊ शकते. (मावशींचे नाव इथल्या यादीत असेल तर, कितीकींचे अजून गावाकडेच असते.) १२०० नावे एकाच सोसायटीत भरली, की ही रांग मोडते. शेजारच्या वस्तीची नावे त्याच केंद्राला जोडली, तर मावशींना फाटकातून आत यावे लागेल. तिथे येणाऱ्याचे नाव वहीत लिहून घेतात. मतदानाला आलेल्या मावशींच्या नावापुढे ‘कोणाकडे?’ या रकान्यात पहारेकऱ्याने काय लिहायचे?