कर्करोग : कारण वेगळे, दोष वेगळा



जे भाविक जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेतात, त्यांची तोंडे दर रविवारी आमच्यासमोर उघडतात. काही वर्षांपूर्वी आपल्या एका बांधवाचे तोंड नीट उघडेनासे झाले. आधी आम्ही ख्रिस्तप्रसाद अर्धा मोडून देऊ लागलो, मग पाव. एकदा मिस्सानंतर ते गालाच्या आतली जखम दाखवून म्हणाले, "फादर, जेवताना लय झोंबते." आम्ही त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि "बरे होईल" असे म्हटले. दवाखान्यात जा, असे काही म्हटले नाही. सात-आठ महिन्यांनी रुग्णाभ्यंग संस्कारासाठी बोलावणे आले, तेव्हा ख्रिस्तप्रसादाचा कणही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. त्यांच्या घरच्यांच्या संमतीने हे लिहीत आहोत. आमची ती चूक होती, आणि ती कबूल केल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

त्या दिवशी त्यांच्या पत्नीने विचारले, "फादर, आमच्या हातून असे काय पाप झाले?" हाच प्रश्न शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून प्रभूला विचारला होता. पाप याचे की याच्या आईबापाचे? प्रभूने दोन्ही नाकारले. संत लूकच्या शुभवर्तमानात सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, हे प्रभूने तेथेही स्पष्ट केले. बुरूज पडायला काहीतरी कारण असणारच. पाया खचला असेल, चुना कच्चा राहिला असेल. ते शोधणे गवंड्याचे काम आहे. मेलेल्यांच्या माथी दोष मारणे हे मात्र कोणाचेच काम नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला कारण आणि दोष यांतला फरक शिकवला होता. तो खरा कळला रुग्णांच्या खाटेजवळ.

मग कारण काय? आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, आणि कधी वाढायचे व कधी थांबायचे याच्या सूचना प्रत्येक पेशीत असतात. तंबाखू, दारू, काही विषाणू, काही रसायने आणि वाढते वय यांमुळे या सूचनांत वर्षानुवर्षे बिघाड साठत जातो. शेवटी एखादी पेशी थांबायचे विसरते. कर्करोग तो हाच. तो शिवाशिवीने लागत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्या भागातले मोठे कारण पानठेल्यावर घोटले जाते. खर्ऱ्यात तंबाखू, चुना आणि सुपारी असते. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण पन्नीतला खर्रा खिशात तसाच राहिला. काही जण म्हणतात, "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी घेतो." जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होते, तिखट झोंबते आणि तोंडात तीन बोटे मावेनाशी होतात. आमच्या त्या बांधवाचे हेच झाले होते. विडी, गुडाखू आणि मशेरीही त्याच वाटेच्या. तंबाखूला दारूची जोड मिळाली की धोका अनेक पटींनी वाढतो.

यावर ठरलेले उत्तर येते, "आमचा आजा ऐंशी वर्षे तंबाखू खाऊन जगला." आपण कापूस पिकवणारे लोक आहोत. पावसाआधी धूळपेरणी करणाऱ्याला एखाद्या वर्षी साधते, म्हणून धूळपेरणीत जोखीम नाही असे कोणी शेतकरी म्हणेल का? जोखीम म्हणजे विधिलिखित नव्हे. खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही, आणि ज्यांनी कधी सुपारीचे खांडही तोंडात टाकले नाही त्यांनाही तो होतो. स्तनाचा कर्करोग झालेल्या कित्येक भगिनींच्या बाबतीत बोट दाखवावे असे काहीच सापडत नाही. म्हणून रुग्णाला "तू काय केलेस?" असे विचारू नये. पण जी जोखीम आपल्या हाताने टळते, ती टाळणे आपले कर्तव्यच आहे.

भगिनींसाठी थोडे अधिक. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू अतिशय सर्वसाधारण आहे, त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडू नये. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, हे 2009 साली प्रसिद्ध झाले. त्या आपल्यासारख्याच खेड्यांतल्या, शेतात राबणाऱ्या बाया होत्या. आता 9 ते 14 वयाच्या मुलींसाठी लसही आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लस 2023 साली आली. आईबापांनी याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

फवारणीचे दुःख आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. 2017 साली वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले. ते मृत्यू कर्करोगाचे नव्हते, पण धडा लागू आहे. तोंडाला फडके, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ, आणि घरी येताच आंघोळ. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी तर कधीच भरू नये.

काही खुणा लक्षात ठेवा. तोंडात तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतरचा किंवा अवेळी रक्तस्राव, बसलेला आवाज, विनाकारण घटलेले वजन. यांतले प्रत्येक लक्षण कर्करोगाचेच असते असे नाही, पण प्रत्येक लक्षण डॉक्टरांना दाखवण्यासारखे आहे. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाहीच. तीस वर्षांवरील सर्वांसाठी तोंडाची, आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाचीही तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. आपल्या आशाताईंना विचारा. पुढे यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे.

"फादर, देवावर विश्वास आहे, डॉक्टर कशाला?" असेही आम्हाला विचारतात. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी वाचा. वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे आणि औषधे देवाने मातीतून दिली आहेत, असा त्याचा आशय आहे. त्याच अध्यायात रुग्णाला प्रार्थनाही करायला सांगितली आहे आणि वैद्याला जागाही द्यायला सांगितली आहे. आम्ही त्या बांधवाला त्यातली अर्धीच गोष्ट दिली.

म्हणून आजपासून तीन गोष्टी ठरवू या. चर्चच्या आवारात खर्रा येणार नाही. बारसे, लग्न, तेरवी कोणत्याही प्रसंगी पाहुण्यांपुढे तंबाखू-सुपारीचे ताट फिरणार नाही, गूळ-शेंगदाणे फिरवा. आणि ज्याला तपासणीला जायची भीती वाटते त्याने आम्हाला सांगावे. दर मंगळवारी सकाळी आम्ही स्वतः सोबत येऊ, आणि बाहेरच्या बाकावर थांबू. जपमाळ आमच्या खिशात असेलच.

आजारी बांधवांना भेटत राहा. त्यांच्याजवळ बसा, हिशेब मागू नका.

प्रभूची कृपा आणि शांती आपणा सर्वांबरोबर असो.

आपला,
धर्मगुरू