कळ

वेल्लोरला एका कोठीच्या दाराशी डॉ. पॉल ब्रँड कुलपाशी झटत उभे होते. कुलूप गंजलेलं, किल्ली काही केल्या फिरेना. उपचारासाठी येऊन राहिलेला दहा-बारा वर्षांचा एक काटकुळा पोरगा हे बघत होता. तो पुढे झाला, "मी बघू का, डॉक्टर?" म्हणाला आणि त्याने एका हिसक्यात किल्ली फिरवली. मोठ्या माणसाला जे जमलं नाही ते या पोराला कसं जमलं, याचं ब्रँड यांना नवल वाटलं. तेवढ्यात त्यांना जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. त्यांनी पोराची मूठ उघडली. किल्लीच्या कडेने बोट पार हाडापर्यंत चिरलं होतं. पोरगा मात्र त्या बोटाकडे असा बघत होता, जणू सदऱ्याचं बटण तुटलंय.

ब्रँड यांचा जन्म 1914 सालचा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. आईवडील मिशनरी. पोराला शिकायला इंग्लंडला धाडलं आणि 1929 साली वडील तापाने डोंगरातच वारले. तार आधी पोहोचली. बोटीने निघालेली वडिलांची पत्रं त्यानंतरही येत राहिली. पंधराव्या वर्षी असं दुःख वाट्याला आलेला हा मुलगा शल्यचिकित्सक झाला आणि 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाला.

त्या काळी महारोगात बोटं सडून झडतात, अशीच सर्वांची समजूत होती. अशा रुग्णांवर उपचार करताना ब्रँड यांना वेगळंच दिसू लागलं. रोगाने मज्जातंतू मरतात, बधिरपणा येतो, आणि मग माणूसच रोजच्या कामांत आपला हात संपवतो. चुलीवरचं तापलेलं भांडं तो उचलतो, चपलेतला खिळा टोचतो तरी चालत राहतो. शस्त्रक्रिया करून बरे केलेले काही रुग्ण सकाळी उठले की बोटाचा तुकडा गायब असायचा. शेवटी रात्री पहारा ठेवला तेव्हा कळलं की उंदीर येऊन बोटं कुरतडतात आणि झोपलेल्याला त्याची दादही नसते. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णासोबत एक मांजर द्यायची पद्धत पडली.

पुढे 1966 च्या सुमारास ब्रँड अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी एक धाडसी प्रयोग मांडला. ज्यांना दुखत नाही त्यांच्यासाठी कृत्रिम वेदना तयार करायची. इंजिनिअर बोलावले. हातमोज्यात दाब मोजणारे बारीक संवेदक बसवले. हातावर जास्त जोर पडला की कानाशी आवाज व्हावा, अशी सोय केली. रुग्ण आवाज ऐकत आणि काम चालूच ठेवत. मग दिवे लावून पाहिले, त्यांचीही तीच गत. शेवटी काखेत, जिथे जाणीव शाबूत होती तिथे, विजेचा झटका बसेल अशी व्यवस्था केली. हा झटका चांगलाच लागायचा, त्यामुळे आता तरी हात वाचतील असं सगळ्यांना वाटलं.

वाचले नाहीत. एखादं काम अडलं, घट्ट बसलेला स्क्रू पिळायचा असला, की रुग्ण हळूच यंत्राची कळ बंद करायचा, बधिर हाताने सगळा जोर लावायचा, काम उरकायचा आणि कळ पुन्हा चालू करायचा. आपला हात वाचावा म्हणून स्वतःहून प्रयोगात आलेली ही माणसं होती. झटका कशासाठी बसतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण कळ त्यांच्या हाताशी होती आणि काम समोर होतं. अखेर प्रयोग गुंडाळावा लागला. ब्रँड या निष्कर्षाला आले की वेदना बंद करायचा अधिकार माणसाच्या हाती दिला तर वेदना त्याला वाचवू शकत नाही.

मोहाची याहून खरी गोष्ट मला ठाऊक नाही. मोहात पडणारा माणूस अजाण असतो, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा तो सगळं जाणून असतो. त्याला एवढंच हवं असतं की हे एक काम होईपर्यंत आत काही टोचू नये. दारू घ्या, खोटं घ्या, परक्याचा पैसा घ्या. प्रत्येक वेळी माणूस आधी कळ बंद करतो.

अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूपुढे सैतानाने काय ठेवलं ते या नजरेने पाहावं. धोंड्यांच्या भाकरी कर, म्हणजे भूक जाईल. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, पायाला ठेचसुद्धा लागणार नाही. माझ्या पाया पड, जगातली सगळी राज्यं तुझी, वधस्तंभाची गरजच नाही. तिन्ही वेळा सौदा एकच होता: दुखल्यावाचून मिळवायचं. ज्याच्या पायाला दगड लागत नाही त्या पायाचं काय होतं, हे वेल्लोरच्या कोणत्याही रुग्णाने सांगितलं असतं.

याचा अर्थ दुःख चांगलं, असा कुणी लावू नये. आजाऱ्याच्या उशाशी बसून "देवाची इच्छा आहे, सोसा" म्हणणाऱ्यांची मला चीड येते. येशूने एकाही कुष्ठरोग्याला असं सांगितलं नाही. त्याने त्यांना बरं केलं, एकाला तर हात पुढे करून शिवलं. गेथशेमाने बागेत तो स्वतः पित्याला विनवत होता की हा प्याला टळत असेल तर टळू दे. दुःखातून सोडव, असं मागण्यात पाप नाही.

पण वधस्तंभावर चढवण्याआधी सैनिकांनी त्याला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही, असं मार्क लिहितो. तो गुंगी आणणारा पेला होता, अशी जुनी समजूत आहे. मला त्याचा अर्थ असा दिसतो की आपलं दुःख त्याला पुरतं शुद्धीवर राहून अंगावर घ्यायचं होतं. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं की एक अवयव दुखला की सगळे अवयव दुखतात. ब्रँड यांना ही शिकवण फार प्रिय होती, कारण जे शरीर आपल्या बोटासाठी कळवळत नाही त्याचं बोट उंदीर नेतात, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्या मंडळ्यांनीही यावर थांबून विचार करावा. गल्लीतल्या विधवेच्या घरी चूल पेटली का, हे रविवारी कुणाला तरी खुपलं पाहिजे. ते खुपणं बंद ठेवणं हा आपल्या काळातला सर्वांत मोठा मोह आहे, आणि तो पापासारखा दिसतही नाही.

वेल्लोरला एकदा रुग्णांच्या मेळाव्यात ब्रँड यांना अचानक बोलायला सांगितलं. समोर बसलेल्यांनी आपले हात लपवले होते. ब्रँड येशूच्या हातांवर बोलू लागले. बाळाचे इवले हात, मग सुताराचे, घट्टे पडलेले, तुटक्या नखांचे. मग आजाऱ्यांना शिवणारे. मग त्यांनी डॉक्टर म्हणून सांगितलं की हातातून खिळा ठोकला की नसा तुटतात आणि बोटं वळून आत ओढली जातात, तुमच्यासारखीच. आणि पुन्हा उठल्यावर सगळं शरीर नवं झालं, तरी हातांवरचे व्रण त्याने ठेवले आणि ते थोमाला दाखवले.

भाषण संपलं तेव्हा एकेकाने नमस्कारासाठी हात उचलले. काहींना बोटं नव्हती, काहींचे तळवे एकमेकांना टेकत नव्हते. तरी सगळ्यांनी हात उंच धरले, सर्वांना दिसतील असे.