जुन्या यंत्राचे ऋण

वस्तू जपणे हा सद्गुण की नुसती सवय? तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून ती वर्षानुवर्षे वापरणाऱ्या घरात मी वाढलो. काही मोडले की आधी कारागीर शोधायचा, मग बाजार. हा संस्कार मोलाचा खरा. पण संस्कारालाही अधूनमधून प्रश्न विचारावेत.

आमच्या शाळेत पिशवीत मावेल असा एक इंकजेट प्रिंटर आहे. खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत पालकांचे अर्ज भरून घ्यायला जाताना तो सोबत असे. वीज गेली तरी बॅटरीवर चाले. पालकांसाठी मराठी सूचना आणि कार्यालयासाठी कन्नड अर्ज, दोन्ही त्याच्यातूनच निघत. गेल्या पावसाळ्यानंतर छपाईत पांढरे पट्टे उमटू लागले, कागदही अडकू लागला. ‘आता नवा घ्या,’ असे सर्वांचे मत पडले.

निवाड्याआधी चौकशी हवी. प्रथम संगणकापासून सोडवून प्रिंटरचेच चाचणीपान काढले. पट्टे तिथेही होते. म्हणजे केबल आणि संगणक निर्दोष. या यंत्रात बारीक छिद्रांमागची शाई क्षणभर तापते, बुडबुडा उठतो आणि थेंब कागदावर फेकला जातो. यंत्र बरेच दिवस पडून राहिले की तीच शाई छिद्रांत सुकते. ही छिद्रे कार्ट्रिजवरच असल्याने ती बाजू ओलसर, मऊ कापडावर हलकेच टेकवली. पट्टे गेले. रबरी रूळ पुसले, तसा कागदही सरकू लागला. वर्गात तरी वेगळे काय घडते? फळ्यावरचे अक्षर न दिसणाऱ्या मुलाला आपण ‘ढ’ ठरवून मोकळे होतो. त्याला हवा असतो चष्मा.

पट्टे गेले, तरी प्रश्न उरलाच. बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते आणि तशी दुसरी मिळत नाही. कार्ट्रिज बेळगावच्या दुकानांतून नाहीसे झाले आहे. नव्या संगणकाला तर ही जुनी केबल जोडायला जागाच नाही. मग यंत्र राखायचे कोणासाठी? खेड्यातली एखादी आई दिवसाची मजुरी बुडवून अर्जासाठी उभी असते. आमचे कारकून एकेका पानासाठी झगडतात. कृतज्ञता माझी आणि खोळंबा दुसऱ्याचा, हा हिशेब न्यायाचा नव्हे. जपणुकीची किंमत जपणाऱ्याने स्वतः मोजली, तरच ती जपणूक.

म्हणून नवा घ्यायचे ठरवले. पण जुना टाकून देणे ही वेगळी गोष्ट. अशा यंत्रांच्या डाखात शिसे असू शकते आणि भंगारात तांब्यासाठी तारा जाळल्या, तर तो धूर कोणाच्या तरी लेकराच्या छातीत जातो. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नियम 2012 पासून लागू झाले. 2022 चे सुधारित नियम 1 एप्रिल 2023 पासून अमलात आले. उत्पादकावरही त्यांनी जबाबदारी टाकली आहे. तेव्हा बॅटरी काढून, विज्ञानाच्या तासाला मुलांसमोर यंत्र उघडून दाखवायचे आणि मग अधिकृत संकलकाकडेच सोपवायचे, असा निर्णय झाला.

दुरुस्तीचा प्रामाणिक प्रयत्न झाल्यावर दिलेला निरोप म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. प्रयत्नाआधीच दिलेला निरोप मात्र, वस्तूला असो वा माणसाला, अन्यायच असतो.