न कमावलेल्या आनंदाचा हक्क

18 डिसेंबर 2022 च्या रात्री कतारमधील लुसैल स्टेडियमवर गोन्झालो माँटिएलने शेवटची पेनल्टी जाळ्यात धाडली आणि अर्जेंटिनाने 36 वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. मधल्या काळात हा संघ 1990 आणि 2014 असे दोन अंतिम सामने हरला होता, दोन्ही वेळा जर्मनांकडून आणि दोन्ही वेळा एकाच गोलने. भारतात तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ज्यांनी अर्जेंटिना नकाशावरच पाहिला आहे, ज्यांना स्पॅनिशचा एक शब्द येत नाही, अशी असंख्य माणसे केरळात, कोलकात्यात, कोल्हापुरात त्या घटकेला आनंदाने रडली. त्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, ‘आपण जिंकलो.’ हे वाक्य खरे की खोटे? ज्याने चेंडूला पाय लावला नाही, घाम गाळला नाही, त्याचा या विजयावर हक्क कोणता? प्रश्न खेळाच्या पानावरचा वाटतो, पण त्याची मुळे धर्मविचारात आहेत. कर्म आणि फळ यांचे नाते काय, भक्ती कशासाठी करायची आणि न कमावलेला आनंद घ्यावा की नाही, हे तिन्ही प्रश्न त्यात एकत्र येतात.

चाहत्याच्या निष्ठेला भक्ती म्हणणे हा शब्दांचा खेळ नाही. अर्जेंटिनातील रोझारिओ शहरात 1998 साली मॅराडोनाच्या चाहत्यांनी त्याच्या नावाचे चर्चच काढले आणि ते त्याच्या जन्मापासून, म्हणजे 1960 पासून, वर्षे मोजतात. ही टोकाची गोष्ट झाली. पण साधा चाहताही व्रतस्थासारखाच वागतो. तो वार पाळतो, रंग पाळतो, रात्र जागवतो, हरल्यावर सुतक पाळावे तसा गप्प होतो. आपल्या दर्शनांच्या कसोटीला मात्र हा माणूस उतरत नाही. कर्मसिद्धांताची चर्चा करताना आपल्या तत्त्वज्ञांनी दोन दोष सांगितले आहेत: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेले वाया जाणे हा पहिला, न केलेल्याचे फळ पदरात पडणे हा दुसरा. चाहत्याच्या बाबतीत दोन्ही एकदम घडतात. वर्षानुवर्षे जीव लावला तरी संघ हरतो, म्हणजे केलेले वाया गेले. एक दिवस संघ जिंकतो आणि मैदानावर काहीच न केलेला माणूस धन्य होतो, म्हणजे न केलेले फळाला आले. या हिशेबात चाहत्याचा आनंद बेकायदा ठरतो. माझे म्हणणे असे की हिशेब चुकीच्या वहीत मांडला जातो आहे. हा आनंद कर्माचे फळ नाही. तो प्रसाद आहे, आणि प्रसादाचे नियम वेगळे असतात.

आधी ‘आपला संघ’ आपला होतो कसा, ते पाहू. सुरतेइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या तापी खोऱ्यातील रेल्वेने खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहतात, यंत्रमागावर आणि कापडबाजारात राबतात. जानेवारी 2017 मध्ये इंदूरला रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, गुजरात विरुद्ध मुंबई. मुंबईकडे तोवर 41 विजेतेपदे होती. गुजरातकडे एकही नव्हते. गुजरात याआधी अंतिम फेरीत पोहोचला होता तो 1950-51 च्या हंगामात, आणि तेव्हा होळकर संघाने त्याला हरवले होते. आता विजयासाठी 312 धावा हव्या होत्या. रणजीच्या अंतिम सामन्यात इतका पाठलाग तोवर कोणी यशस्वी केला नव्हता. कर्णधार पार्थिव पटेलने 143 धावा केल्या आणि 14 जानेवारीला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, अवघी सुरत धाब्यावर चढून पतंग उडवत असताना, गुजरात पाच गडी राखून पहिल्यांदा विजेता झाला. सुरतेतल्या मराठी माणसाने त्या दिवशी कोणाला आपले म्हणावे? भाषेच्या नात्याने मुंबईला, की राहत्या मातीच्या नात्याने गुजरातला? दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात, आणि मुद्दा तोच आहे. संघ जन्माने चिकटत नाही, माणूस तो पत्करतो. पत्करणे हेही एक कर्म आहे. फक्त ते धावा काढण्याचे किंवा गोल करण्याचे कर्म नव्हे, म्हणून त्याचे फळ धावांत आणि गोलांत मागता येत नाही.

हे मान्य करणे चाहत्याला जड जाते. आपल्या निष्ठेमुळेच संघ जिंकला असे त्याला मनोमन वाटत असते. गोल झाला तेव्हा ज्या खुर्चीत बसलो होतो तीच धरून ठेवणे, न धुतलेली जर्सी घालणे, शेवटच्या षटकात कोणाला जागचे हलू न देणे, हे सगळे त्यातून येते. त्याच लुसैलमधला एक क्षण जवळून पाहावा. जादा वेळ संपून वरची मिनिटे चालू आहेत, गुण 3-3. फ्रान्सचा रांदाल कोलो मुआनी एकटा गोलरक्षकासमोर येतो आणि फटका मारतो. एमिलियानो मार्टिनेझ दोन्ही हात पसरून पुढे झेपावतो, डावा पाय लांबवतो आणि चेंडू त्या पायाला लागून बाहेर फेकला जातो. पाय वीतभर आखूड पडला असता तर चषक पॅरिसला गेला असता. त्या वीतभर अंतरात जगातल्या एकाही चाहत्याच्या नवसाचा वाटा नव्हता. मार्टिनेझची जागा, त्याचा सराव आणि त्याची हिंमत, एवढेच तिथे होते. याच सुरतेत 1844 साली दुर्गाराम मेहताजी आणि तेव्हा इथे शिक्षक असलेले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्म सभा स्थापन केली होती. मंत्राने भूत काढतो, चमत्कार करतो म्हणणाऱ्यांना सभेने जाहीर आव्हान दिले होते, की शक्ती असेल तर सर्वांसमक्ष दाखवा. ते आव्हान प्रत्येक चाहत्याने स्वतःला द्यावे. तुझ्या खुर्चीत शक्ती असेल तर दाखव. ती नाही, हे कळल्यावरही प्रेम उरते का, तिथून खरी भक्ती सुरू होते. मेहताजी आणि दादोबा देव मानणारेच होते. भक्तीतला सौदा तेवढा त्यांना नको होता.

आता त्याच क्षणाची दुसरी बाजू. तो चेंडू आत गेला असता तर अर्जेंटिनाच्या चाहत्याची 36 वर्षांची निष्ठा तसूभरही कमी ठरली नसती. 1990 आणि 2014 च्या रात्री जो रडला, तो 2022 मध्ये नाचलेल्या माणसापेक्षा कमी भक्त नव्हता. तोच माणूस होता तो. विजयाने भक्ती सिद्ध होत नाही आणि पराभवाने खोटी पडत नाही. ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. आषाढीला पंढरपुरात पोहोचलेल्या लाखो वारकऱ्यांपैकी सर्वांना विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायला मिळत नाही. रांग तासन्‌तास सरकत नाही. कित्येक जण नामदेव पायरीला हात लावतात, कळसाला हात जोडतात आणि परततात. त्यांची वारी फुकट गेली असे कोणताही वारकरी म्हणत नाही. कारण वारीचे मोल चालण्यात असते. दर्शन झाले तर तो प्रसाद. कृतनाशाचा दोष इथे लागूच होत नाही, कारण फळासाठी काही केलेलेच नव्हते. आणि अकृताभ्यागमाचाही नाही, कारण प्रसाद कमावलेला नसतो, हे घेणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तर तो दोन्ही हातांनी घ्यायचा. ‘आपण जिंकलो’ हे वाक्य कर्तेपणाचा दावा म्हणून खोटे आहे. पण ‘आपल्या वाट्याला हा आनंद आला’ या अर्थाने ते पूर्ण खरे आहे.

यावर पहिला आक्षेप गीता वाचणारा घेईल. ममत्व हेच बंधन आहे आणि चाहता तर ममत्वाची मूर्ती आहे. त्याला जय हवा, पराजय नको. समबुद्धीचा त्याच्यापाशी मागमूस नाही, मग त्याला निष्काम कसे म्हणायचे? आक्षेप खरा आहे, पण अर्धा. इच्छा असणे आणि इच्छेवर निष्ठा टांगून ठेवणे यांत फरक आहे. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला मूल बरे व्हावे अशी तीव्र इच्छा असते. पण बरे होणार नसेल तर मी उठते, असे ती म्हणत नाही. निष्कामता म्हणजे मनात काहीच नसणे नव्हे, तर अट नसणे. ज्याने गुजरातला विजेतेपदाविना इतकी दशके आपले म्हटले, त्याच्यापाशी इच्छा होती, अट नव्हती. संघ हरू लागला की दुसऱ्याची जर्सी चढवणारा मात्र सकाम. दोघे एकाच रात्री एकाच आवाजात ओरडतात, म्हणून दोघांचा आनंद एक होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. संघ ही कंपनी, खेळाडू लिलावात विकत घेतलेला, जर्सी हा माल. यात कसली भक्ती? बाजाराने माणसाच्या भाबडेपणाचा काढलेला हा नफा आहे. बाजार आहे, यात शंका नाही, आणि कापडावर जगणाऱ्या सुरतेला बाजार म्हणजे काय ते सांगायला नको. पण बाजार निष्ठा विकू शकतो, निर्माण करू शकत नाही. कोल्हापूरचा फुटबॉल पाहा. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर झुंजतात. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमी फुटबॉलच्या झाल्या आणि पेठेची निष्ठा त्यांच्यासोबत आली. मोठ्या भांडवलाचा तिथे पत्ताही नव्हता. 29 जुलै 1911 ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि बघायला आलेल्या हजारोंना कोणत्याही जाहिरातीने आणले नव्हते. त्या लोकांनी गोल केले नाहीत, तरी तो विजय त्यांचा नव्हता असे म्हणण्याचे धाडस आज कोण करील? देवळाबाहेर दुकाने असतात म्हणून गाभारा खोटा ठरत नाही. दुकान गाभाऱ्यात शिरू नये, एवढे पाहणे मात्र आपले काम आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला उत्तर देताना आवाज चढवू नये. 3 जून 2025 ला अहमदाबादमध्ये बेंगळुरूच्या संघाने पंजाबला सहा धावांनी हरवून 18 व्या हंगामात पहिल्यांदा आयपीएल जिंकली. दुसऱ्याच दिवशी बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजय साजरा करायला लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि 11 जण मृत्युमुखी पडले. आनंद घ्यायला गेलेली माणसे घरी आली नाहीत. अशा आनंदाला पवित्र कसे म्हणावे? गर्दीची व्यवस्था ही जबाबदार यंत्रणांची जबाबदारी आहे आणि चाहत्याच्या भक्तीचे नाव पुढे करून ती झटकता येणार नाही. पण धर्मविचाराचाही यात वाटा आहे. विजय हे आपले हक्काचे फळ आहे असे मानणारा माणूस ते ओरबाडायला धावतो. उशीर झाला तर आपला वाटा जाईल, असे त्याला वाटते. प्रसाद मानणाऱ्याला ही घाई नसते. तो वाटल्याने संपत नाही, आणि लांब बसलेल्याच्या हातीही तोच येतो. हाच नियम हरलेल्यांनाही लागू आहे. लुसैलमध्ये किलियन एम्बाप्पेने अंतिम सामन्यात तीन गोल केले, शूटआउटमध्ये आपली पेनल्टीही घातली आणि तरी तो हरला. आपल्या आनंदाची दुसरी बाजू म्हणजे कोणाचे तरी दुःख, हे ज्याला त्या क्षणीही दिसते, त्याच्या जल्लोषात शिवी येत नाही, दगड येत नाही. ज्याला दिसत नाही, त्याला प्रसाद पचलेला नाही.

म्हणून माझा निवाडा असा आहे. दीर्घ प्रतीक्षेनंतर संघ जिंकला म्हणून रडणाऱ्या माणसाला खुळा म्हणू नये. कमावलेले तेवढेच आपले, असे मानणाऱ्या या काळात तो एक दुर्मीळ गोष्ट करतो आहे. आपण काही केले नाही आणि तरी आपल्याला मिळाले, हे तो उघड्या चेहऱ्याने मान्य करतो. धर्म ज्याला कृपा म्हणतो, त्याची एवढी सरळ ओळख आजच्या शहरी माणसाला फार कमी ठिकाणी होते. चाहत्याकडून अपेक्षा तीनच. विजयाचे श्रेय खेळणाऱ्यांना द्यावे, आनंद हरलेल्याचा मान राखून वाटावा, आणि पुढच्या हंगामात संघ तळाला गेला तरी आपल्या जागी असावे. हे ज्याला जमते, त्याने ‘आपण जिंकलो’ असे खुशाल म्हणावे.