जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण

फिलिप्पै येथील लुदिया जांभळी वस्त्रे विकीत असे. तिने बाप्तिस्मा घेतला. धंदा सोडिला असे मात्र प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेले नाही. उलट पौल व त्याचे सोबती यांस तिने आग्रहाने आपल्या घरी उतरवून घेतले. मिळकत तिच्याच हाती होती, म्हणून तिला तो आग्रह करिता आला, असे आम्हांस वाटते.

मुंबईस गिरणीकामगारांस जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांचे तसे नव्हते. चुलीपुढे राबावे त्यांनी, आणि कमाई व्याजापायी सावकाराच्या घरी जावी! १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले व त्या बायांस बँकेचे कर्ज मिळवून दिले.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही कोणी भगिनी कपडे शिवून विकते, कोणी लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक पत्करते. उपदेशक बंधूंनो, तिजकडे वर्गणी मागण्यापूर्वी तिचा पैसा तिच्या हाती पडतो काय, हे घरधन्यास विचारा. (वर्गणी घटेल ही भीती नको.) तुरुंगातून सुटल्यावर पौल व सीला लुदियेच्याच घरी गेले, बंधुजन त्यांस तेथेच भेटले.